पाचव्या कडव्याची जागा

शुक्रवारी म्हातारबा गेले. चाकणहून कांदा घेऊन येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने निरोप आणला. त्याने कंपनीच्या फाटकाशी ट्रक थांबवला, मला बाहेर बोलावलं, सांगितलं आणि निघून गेला. मी स्टोअरमध्ये परत आलो आणि पाच वाजेपर्यंत काम केलं.

त्यांच्या गाण्याची नऊ कडवी होती. मला त्यातली आठ येतात. पाचवं येत नाही. ते येणारा माणूस शुक्रवारी गेला.

हे लिहायला बसून आता कितीतरी दिवस झाले. चार ओळी झाल्या की मी उठतो, अंगणात जाऊन येतो, परत बसतो. आई विचारते, "पोटात दुखतंय का रे?" दुखत नाही. पण ज्या माणसाला मी बसलेलं फार क्वचित पाहिलं, त्याच्याविषयी बसून लिहिणं मला जमत नाही, एवढं खरं.

त्यांच्यापर्यंत मी पोचलो तो रेडिओमुळे. पिंपरी स्टेशनाजवळच्या हॉटेलात एक रेडिओ होता. मालक सकाळी तो लावी आणि मी कंपनीत जाण्याआधी तिथे चहा घेई. पुण्याच्या एका गीतकाराची गाणी तेव्हा नुकतीच लागू लागली होती. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. मी कमी बोलणारा माणूस. पुस्तकं वाचावीत, नोकरी करावी, आई आणि बहीण यांच्यात राहावं, एवढंच माझं जग. पण त्या आवाजासाठी मी चहा गार होऊ देत असे. त्यांची सगळी गाणी मी एका वहीत उतरवून घेतली होती. त्यातलं सगळ्यांत आवडतं गाणं नदीकाठचं होतं.

*नदी ग भरली, नावाडी निजला,*
*हाक कुणा घालू, कुणी ना आपला.*

पलीकडच्या काठावर प्रियकर आहे, अलीकडे ती वाट बघत बसली आहे, असं ते गाणं. सगळं पुणं तेव्हा ते गुणगुणत होतं.

मग एकदा पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. मी सायकलवर गेलो. या गाण्याची पाळी आली तेव्हा पेटीवरचा हात काढून ते म्हणाले, "यातल्या पहिल्या दोन ओळी माझ्या नाहीत बरं का. चालही तेवढ्यापुरती माझी नाही. दापोडीच्या पुलाखाली एक म्हातारा तुणतुण्यावर म्हणत होता, त्याच्याकडून घेतल्या. पुढचं सगळं माझं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. माझ्या वहीत त्या दोन ओळींखालीच मी शाईने दोनदा रेघ ओढली होती.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "ते बाबा कोण? नाव काय त्यांचं?"

"विचारायचं राहिलं हो," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

दापोडीला पुलाशी चहाची टपरी आहे. तिथे विचारलं तर टपरीवाला म्हणाला, "म्हातारबा व्हय? सुगी झाली का येत्यात. होळीच्या आधी. आता कुटं गावायचे? वाऱ्याची मोट बांधून ठिवा म्हनलं तर ठिवता ईल, त्यांची न्हाई."

मी होळीपर्यंत वाट पाहिली.

ते नदीच्या काठाला उभे होते. उंच, वाकलेले, डोक्याला विटकं मुंडासं, अंगात बंडी, दोन्ही वहाणा काखेत. हातातलं तुणतुणं काळं पडलेलं. मी सायकल लावली आणि म्हटलं, "बाबा, ते नदीचं गाणं म्हणाल का?"

"कुटनं आलास?"

"चिंचवडहून."

"चालत?"

"सायकलवर."

"मंग तू आला न्हाईस. पोचलास निस्ता."

पण म्हटलं त्यांनी. रेडिओवरच्या त्याच दोन ओळी, पण 'कुणी ना आपला'च्या जागी 'गाव न्हाई आपला', आणि चाल ओढून धरलेली. मग आणखी चार ओळी, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या चार ओळींत ती बाई नदीत पाय घालते. संपलं. मी वही काढून म्हटलं, "आता पुढचं."

"फुडं नदी हाय. हे नववं. शेवटचं."

"मग आधीची आठ?"

त्यांनी तुणतुण्यानेच उत्तरेकडे दाखवलं. "ती तिकडं हायती. चाकणपासनं."

"इथे म्हणा ना. मी लिहून घेतो."

"हितं? हितं नदी हाय म्हनून नदीचं म्हनलं. कुरुळीचं कुरुळीत. येडा का खुळा तू?"

मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर आहे. लहर नव्हती. त्यांच्या घराण्याकडे ही फेरी पिढ्यान्‌पिढ्या होती. सुगी झाली की चाकणहून निघायचं, एकेका गावात चार-आठ दिवस राहून दारोदार त्या गावचं कडवं म्हणायचं, लोक सुपातून घालतील ते दाणे घ्यायचे, आणि पुढच्या गावी पुढचं कडवं. चाकण, कुरुळी, मोशी, भोसरी, मधला मळा, पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी. वर्षातून एकदा, एकाच दिशेने. कुठल्याही एका गावाला सगळं गाणं ठाऊक नव्हतं. गाणं होतं एका बाईचं. तिचा नवरा लष्कराबरोबर गेलेला, आणि ती गावागावात त्याचा ठाव विचारत चालली आहे.

"सगळं ऐकायचं तर?" मी विचारलं.

"फुडल्या साली चाकणला ये. पहिल्यापासनं. उलटं चालून गानं मिळत न्हाई."

त्या गीतकारांची मी आठवण करून दिली. "आला व्हता येक," ते म्हणाले. "गोरा, चश्मा. चांगला मानूस. डोळ्याला पानी आलं त्याच्या. पर यष्टी आली, गेला." मी सांगितलं की ते गाणं आता रेडिओवर लागतं. "त्या डबड्यात? आयकलंय चाकणला. त्या बाईला नदीवर बसवून ठिवलीया त्यानं. ती काय बसाया आलीया?"

मला तेव्हा ते समजलं नाही. मी मनातून गीतकारांच्याच बाजूने होतो.

म्हातारबांच्या सवयी मला पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर चालताना कळल्या, आणि सांगायच्या तर एकीतून दुसरी निघते. गावात शिरताना वहाणा काढून काखेत धरायच्या आणि गाव संपल्यावर घालायच्या. लोक काट्याकुट्यात वहाणा घालतात आणि घरात काढतात, हे सगळ्यांचंच आहे. त्यांना सगळं गावच घर. मैलाच्या दगडांवर त्यांचा राग होता. "दगडाव आकडा काढला म्हंजी मैल व्हतो व्हय?" म्हणत आणि प्रत्येक दगडाला वळसा घालून जात. मागे कधी फिरत नसत. एकदा कुरुळीच्या पुढे पाऊण मैलावर आल्यावर तंबाखूची चंची मागे राहिल्याचं लक्षात आलं. मी म्हटलं, सायकलवर आणून देतो. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "फुडल्या साली घिऊ." आणि पंधरा दिवस तंबाखूवाचून चिडचिड करत काढले, ती चिडचिड माझ्यावर.

तुणतुण्याची तार एकदा मोशीच्या अलीकडे तुटली. इकडेतिकडे पाहून त्यांनी माझ्या सायकलच्या ब्रेकची केबल हातात घेतली, तिच्या टोकाचे पीळ सोडवले, त्यातली एक तार ओढून काढली, खुंटीला गुंडाळली, कानाशी धरून वाजवली. "ब्येस हाय. सायकलीत वाया चालली व्हती." इंद्रायणीचा उतार मी त्या दिवशी दोन्ही पाय जमिनीला घासत उतरलो.

ते मला नावाने हाक मारत नसत. 'कारकून' म्हणत. "कारकून, पाय उचला." "कारकून, सावलीत काय हाय? रस्ता हिकडं हाय."

पुढल्या सुगीला मी चाकणला गेलो. कांद्या-बटाट्याच्या गाड्यांच्या गर्दीत, पेठेच्या तोंडाशी, त्यांनी पहिलं कडवं म्हटलं.

*चाकणच्या पेठंतनं निघाली येकली,*
*पाठीवं उनाची गोधडी टाकली.*

मी वही उघडली. त्यांनी ती मिटली. रागाने नव्हे, पुस्तक वाचणाऱ्या मुलीच्या हातून आई जसं काढून घेते तसं. "लिव्ह की. न्हाई कोन म्हनतंय? पर आदी हितं हुबा ऱ्हाऊन म्हन. गळ्यात बसलं का मंग लिव्ह."

मी आयुष्यात कधी चारचौघांत गायलो नव्हतो. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवत असे. चाकणला गर्दी होती म्हणून निभावलं. पुढच्या रविवारी कुरुळीला देवळापुढे बाया धुणं वाळत घालत होत्या. तिथे मी दुसरं कडवं म्हणायला उभा राहिलो. दोन ओळी झाल्या असतील, एक बाई पिळा खाली ठेवून म्हणाली, "अवं भाऊ, गाताय का रडताय? ठरवून सांगा, म्हंजी आमाला तसं करता ईल."

सगळ्या हसल्या. म्हातारबा सगळ्यांत मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परत." मी परत म्हटलं. पाच वेळा म्हटलं. पाचव्या वेळेला त्या बाईने धुणं वाळत घालता घालता शेवटची ओळ माझ्याबरोबर म्हटली, आणि मला एकदम कळलं की माझा आवाज जिथे घसरायचा तिथे आता घसरत नाही.

त्या सहा-सात आठवड्यांत मी हॉटेलातला रेडिओ ऐकला नाही. सोमवार ते शनिवार डोक्यात रविवारचा रस्ता असे. स्टोअरमध्ये बोल्ट मोजताना आकडा चुकत असे. बहीण म्हणे, दादाला भूत लागलंय.

भोसरीला चौथं कडवं झालं. त्यात ती बाई जात्यावर बसलेल्या बायकांना विचारते, घोडा गेला का, घोड्यावर कोण होतं. बायका म्हणतात, आम्हाला कसलं ठाऊक, पुढे मळ्यातल्या विहिरीवर विचार, तिथे सगळ्या गावांच्या बाया पाण्याला येतात. म्हणजे पाचवं कडवं विहिरीचं.

"चला बाबा, विहिरीवर," मी उत्साहाने म्हटलं.

 रस्ता वळला आणि एका भिंतीपाशी आलो. त्यांनी डावा तळवा भिंतीवर ठेवला आणि तसाच घासत घासत चालू लागले. ती भिंत आमच्या कंपनीची होती. मळा, लिंबाचं झाड आणि विहीर, सगळं दीड वर्षापूर्वी कंपनीच्या जागेत गेलं होतं.

"मागल्या साली असाच भाईरनं गेलो," ते म्हणाले. "पाचवं म्हनलंच न्हाई. सावं म्हनलं, सातवं म्हनलं, पर समदं लबाडीचं. ती बाई आत हुबी हाय, कारकून. मागल्या सालापासनं हुबी हाय. तिला कुनी सांगितलंच न्हाई, तर ती फुडं जाईल कशी?"

"भिंतीशी उभं राहून म्हटलं तर?"

"शेवटची वळ जागा दिसल्याबिगर येत न्हाई. म्हनून बघितलं. न्हाई आली." मग थांबून, "औंदा न्हाई झालं तर जाईल ती माझ्या डोक्यातनं."

मी म्हटलं, "मी करतो काहीतरी. मी तिथेच कामाला आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या नोकरीचा तोवर कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

बाहेरून कामासाठी येणाऱ्या माणसांचे पास आमच्या स्टोअरमधून निघत. छापील कागदावर कारण लिहायचं असे: माल, दुरुस्ती, मजुरी, पाहणी. 'गाणं' लिहायला जागा नव्हती. इंजिनिअर साहेबांना खरं सांगून परवानगी मागता आली असती. ते कदाचित नाही म्हणालेही नसते. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि मला साहेबांशी बोलताना घाम येत असे. त्या दिवसांत कंपनीला पाणी पुरत नव्हतं आणि साहेब पाणाड्यांना बोलावत होते. जमिनीखालचं पाणी सांगणारे, हातात काठी घेऊन फिरणारे लोक. दोन येऊन गेले होते. मी पासावर लिहिलं, 'पाहणी – पाणाड्या', आणि स्वतःच सही केली.

फाटकावरचा वॉचमन पहाडातला, देहूरोडच्या लष्करातून निवृत्त झालेला. त्याने कापडात गुंडाळलेलं तुणतुणं उलटसुलट केलं. "ये क्या चीज है?"

"तुनतुनं," म्हातारबा म्हणाले.

"औजार है," मी घाईने म्हटलं. "पानी देखने का."

त्याने वहीत लिहिलं, औजार, नग एक. मी म्हातारबांना घेऊन दहा पावलं गेलो असेन, तेवढ्यात इंजिनिअर साहेब समोरून आले. मद्रासकडचे. कागदाकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "वॉटर का आदमी? व्हेरी गुड. हम साथ में आयेगा. तुम भी आओ, ये क्या बोलता है हमको बताओ."

आता इथे मला जे लिहावं लागेल ते मी कितीदा खोडलं.

मी म्हटलं, "सर, स्टॉक मोजायचा आहे. आज द्यायचाय."

"ठीक है, वॉचमन आयेगा," साहेब म्हणाले.

म्हातारबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते कधीच पाहत नसत. मी स्टोअरमध्ये जाऊन खिडकीशी बसलो. तिथून ती जागा साठ पावलांवर होती. म्हातारबा पिंपांच्या आणि खोक्यांच्या मधून चालले, जणू रोजचीच वाट. एका ठिकाणी थांबले. तिथे नुसती सपाट जमीन होती, खडी पसरलेली. वहाणा त्यांनी फाटकापासूनच काखेत धरल्या होत्या. त्या खाली ठेवल्या आणि तुणतुण्याचं कापड सोडलं. साहेबांनी टोपी काढली. वॉचमनही काढू लागला. मध्ये हवेचं यंत्र, कॉम्प्रेसर, चालू होतं, त्याच्या धडधडीत मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त बोट तारेवर हलताना आणि ओठ हलताना दिसत होते.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. साहेबांनी विचारलं असतं, हा काय म्हणतोय, तर मी काय सांगणार होतो? मी रजिस्टर घेऊन परत येऊन बसलो. स्टॉक मोजायचा नव्हताच. तो आदल्या दिवशीच मोजून झाला होता.

संध्याकाळी फाटकाबाहेर म्हातारबा माझी वाट पाहत उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आजारातून उठलेल्या माणसासारखा. "सुटली," म्हणाले. "गेली फुडं. शेवटची वळ आली बग, जागा दिसल्याबरूबर."

"बाबा, मला ऐकू नाही आलं."

"तू कुटं व्हतास?"

"काम होतं."

"बरं," ते म्हणाले.

मी खूप विनवलं. पण ते कडवं त्या वर्षापुरतं म्हणून झालं होतं, आणि जागा सोडल्यावर तिथलं कडवं परत म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी त्या बाईला मागे ओढून आणणं. "फुडल्या साली," ते म्हणाले. "हाय की मी. मरतुया व्हय लगेच?"

नंतर वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "बोल? बोल कौन सुनता है साहब, मैं पास का टाइम देख रहा था. मंतर था ना? आख़िर में हँसा बुड्ढा." साहेबांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "ओल्ड मॅन एंड में रोया. फिर हमने पूछा, पानी किधर? वो बोला इधर ही है, तुमने ही बंद किया." एक म्हणतो हसला, एक म्हणतो रडला. दोघंही त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

साहेबांनी ती जागा खणली. हात-दोन हातांवर जुन्या विहिरीचं दगडी तोंड लागलं आणि आठ-दहा हातांवर पाणी. कंपनीच्याच माणसांनी ती बुजवली होती, हे कुणी बोललं नाही. चांगला पाणाड्या शोधून आणला म्हणून माझ्या कागदावर चांगला शेरा आला. नोकरी कायम झाली. आईने पेढे वाटले. मी पेढा तोंडात धरून बसलो.

पिंपरीला सहावं कडवं ऐकलं तेव्हा मला कळलं की माझ्या हातून नक्की काय गेलं आहे.

*पिंपरीच्या वाटंवर पुसनं सरलं,*
*भाकरीचं गठुडं मागं इसरलं.*

चार गावं विचारत आलेली बाई इथून पुढे कुणाला काहीच विचारत नाही. सातव्यात नाही, आठव्यात नाही. विहिरीवर तिला काहीतरी सांगितलं गेलं. तो मेला, की त्याने दुसरं घर केलं, की तिने शोधूच नये असं काही. ते ऐकून ती हसली की रडली. नवऱ्यासाठी बांधून आणलेली भाकरी तिथेच ठेवून ती पुढे निघाली. आणि नवव्यात ती नदीवर वाट पाहत बसलेली नाही. माझ्या आवडत्या गीतकाराने तिला बसवलं होतं, आणि मी वर्षभर तिच्याबरोबर बसलो होतो.

पुढचं वर्ष मी तयारीत घालवलं. आता मला भीती नव्हती. साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, "लाओ उसको, हम भी सुनेगा." हवेचं यंत्र तेवढा वेळ बंद ठेवायलाही ते तयार झाले. सुगीला महिना राहिला असताना कांद्याचा ट्रक फाटकाशी थांबला.

चाकणला त्यांच्या घरी गेलो. सून दारात गहू निवडत होती. मला पाहून तिने पदर सावरला. "कारकूनभाऊ का तुमी? तुमचं लई नाव घेत व्हते. म्हनायचे, गळा न्हाई त्याला पर पाय हायेत."

मी विचारलं, घरात कधी ते गाणं म्हणत का?

"घरात? न्हाई वो. घराचं कडवं नव्हतं त्येंच्याकडं."

आजारपणात काही बोलले का, असंही विचारलं. लाज सोडून विचारलं. ती म्हणाली, शेवटचे दोन दिवस उठून चालायचंच म्हणत होते, धरून ठेवावं लागलं.

पुढच्या रविवारी पुण्याला गीतकारांकडे गेलो. त्यांना खरोखर दुःख झालं. मी आठ कडवी वाचून दाखवली. सहाव्यापाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खिडकीकडे पाहत म्हणाले, "म्हणजे ती वाट बघत नाहीये."

"नाही."

"आणि मी सगळ्या महाराष्ट्राला सांगत फिरलो." मग वहीतल्या सहाव्या कडव्यावर बोट ठेवून म्हणाले, "पाचवं मी लिहू? प्रयत्न करतो. या दोन्हींच्या मध्ये बसेल असं. मला जमेल."

त्यांना जमलं असतं. तेवढे ते मोठे होते. वर्षभरापूर्वी त्यांनी माझ्या वहीत एक ओळ लिहिली असती तर मी ती चौकट करून लावली असती. मी म्हटलं, "लिहा. पण कंपनीत येऊन, विहिरीपाशी उभं राहून लिहा. साहेब परवानगी देतील."

"या आठवड्यात तर रेकॉर्डिंग आहे," ते म्हणाले आणि आपणच ओशाळून हसले. "बघा, त्या दिवशीही असंच. दहा मिनिटं होतो त्यांच्यापाशी. मला बस गाठायची होती. तुम्हाला राग येतो का माझा?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी साठ पावलांवर होतो."

 मी निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत पोचवायला आले.

सुगी झाली. पहिल्या रविवारी मी चाकणला गेलो आणि पेठेच्या तोंडाशी उभं राहून पहिलं कडवं म्हटलं. तुणतुणं मला येत नाही, म्हणून तसंच म्हटलं. दाणे मी घेत नाही. एकीने मोशीला सूप पुढे केलं तेव्हा काय सांगावं ते कळेना. शेवटी ओंजळभर घेतले. भोसरीला चौथं म्हटलं, पिंपरीला सहावं. मधला रस्ता तीन मैलांचा आहे. तेवढा मी गप्प चालतो.